बापू गायधनी याचें नांव कोठें गेलें?

पळसे हें आमच्या नाशिक तालुक्यांतील गांव, पुण्याच्या रस्त्यावरचें. ऊंस पिकविणारांना तें साखर कारखान्यामुळें माहीत आहे. परंतु तीस वर्षें या गांवाचें नांव दिल्लीपर्यंत पोहोंचत होतें तें साखरेमुळें नव्हे. या गांवच्या बापू गायधनी नांवाच्या पोरानें आगींत अडकलेले जीव वाचवितां वाचवितां आपला जीव दिला. आणि १९८८ सालीं भारतीय बालकल्याण परिषदेनें शूर बालकांना द्यावयाच्या एका खास पारितोषिकास त्याचें नांव दिलें. मेघालयांतलें असो, ओडिशांतलें असो कीं केरळांतलें असो, एखाद्या लेकरानें जिवावर उदार होऊन दुसऱ्याचा जीव वाचविला म्हणजे दिल्लींत त्याचा सन्मान करतांना आमच्या बापूचें नांव घेतलें जाई. आतां तें घेतलें जात नाहीं. २०२० च्या जानेवारींत जाहीर झालेल्या यादीपासून त्या जागीं दुसरीं नांवें आलीं आहेत. ही गोष्ट नाशिक जिल्ह्यांतल्या घराघरांत, चावडीवर आणि शाळेंत बोलली गेली पाहिजे, म्हणून आज ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

हीं पारितोषिकें सुरू कशीं झालीं तें प्रथम सांगतों. २ ऑक्टोबर १९५७ रोजीं दिल्लीच्या रामलीला मैदानावर मोठा समारंभ चालला होता. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू, इंदिरा गांधी, जगजीवनराम वगैरे मंडळी शामियान्यांत बसली होती. इतक्यांत शामियान्याच्या कापडानें पेट घेतला. हरिश्चंद्र मेहरा नांवाचा चौदा वर्षांचा बालवीर तेथें स्वयंसेवक म्हणून कामावर होता. तो खांबावर चढला, आणि बालवीराच्या कमरेला चाकू असतो त्या चाकूनें त्यानें पेटतें कापड कापून काढलें. त्याचे हात भाजले, पण माणसें वांचलीं. अशा मुलांचा देशानें गौरव केला पाहिजे, असें नेहरूंनीं मनावर घेतलें. भारतीय बालकल्याण परिषद ही १९५२ सालीं स्थापन झालेली स्वयंसेवी संस्था. ती सरकारी कचेरी नव्हे. तिनें हें काम अंगावर घेतलें. सहा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना दरसाल पारितोषिकें मिळूं लागलीं. पंतप्रधान तीं आपल्या हातानें देत, आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनांत हीं पोरें हत्तीवरून व पुढें उघड्या जीपमधून दिल्लीकरांपुढून जात. साठ वर्षांत नऊशेंहून अधिक मुलांना हा मान मिळाला. ज्यांच्या बापाला तालुक्याच्या मामलेदारापुढें उभें राहतांना धोतर सांवरावें लागतें, अशांचींहि मुलें त्यांत होतीं.

या सर्वसाधारण पारितोषिकांखेरीज कांहीं खास पारितोषिकें होतीं. १९७८ सालीं दिल्लींत एका नाविक अधिकाऱ्याचीं दोन मुलें, गीता व संजय चोप्रा, गुंडांनीं पळवून नेऊन मारलीं. मरण्यापूर्वीं तीं दोघें त्या गुंडांशीं झुंजलीं होतीं. त्यांच्या नांवें त्याच सालीं दोन पारितोषिकें ठेवलीं गेलीं. १९८७ सालीं भारत पारितोषिक निघालें आणि १९८८ सालीं बापू गायधनी पारितोषिक. म्हणजे दिल्लीच्या अधिकाऱ्याचीं दोन लेकरें आणि नाशिकच्या खेड्यांतला एक पोर अशीं तिघें एका ओळींत आलीं. मरणापुढें मोठ्याचें व लहानाचें लेकरूं सारखेंच, हें तीं नांवें न बोलतां सांगत होतीं.

त्या नांवाचा मान कोणाला मिळत होता, तें एका यादीवरून दिसेल. २०१८ च्या जानेवारींत बापू गायधनी पारितोषिक तिघांना मिळालें. मेघालयांतल्या बेत्श्वाजॉन पेनलांग या मुलानें पेटलेल्या झोंपडींत शिरून आपल्या लहान भावाला बाहेर काढलें होतें. ओडिशांतल्या ममता दलाई या सहा-सात वर्षांच्या पोरीनें मगरीच्या तोंडांतून आपल्या बहिणीला ओढून काढलें होतें. केरळांतल्या सेबॅस्टियन व्हिन्सेंट यानें आगगाडीखालीं सांपडूं पाहणाऱ्या मित्राला वांचविलें होतें. त्याच वर्षीं गीता चोप्रा पारितोषिक कर्नाटकांतल्या नेत्रावती चव्हाण हिला मरणोत्तर मिळालें. बुडणाऱ्या एकाला तिनें काठाला लावलें आणि दुसऱ्यासाठीं पुन्हां पाण्यांत उडी घेतली. ती परत आली नाहीं. त्याच यादींत आमच्या महाराष्ट्रांतला, नांदेड जिल्ह्यांतील पार्डी गांवचा नदाफ एजाज अब्दुल रौफ हा मुलगा होता. त्यानें नदींत बुडणाऱ्या दोन मुलींना वांचविलें. खासी, उडिया, मल्याळी, लमाणी, मुसलमान, सगळ्या जातींचीं, धर्मांचीं व बोलींचीं हीं लेकरें. त्यांतल्या एकानेंहि पाण्यांत वा आगींत जाण्यापूर्वीं आंतल्याची जात विचारली नाहीं.

पुढें परिषदेच्या पैशाच्या व्यवहारासंबंधीं दिल्ली हायकोर्टांत प्रकरण उभें राहिलें. २०१९ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें या पारितोषिकांपासून आपला हात काढून घेतला. सरकार प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार या नांवाचे आपले वेगळे पुरस्कार देतें, त्यांत शौर्याचा एक वर्ग आहे. परिषदेनें आपलीं पारितोषिकें बंद केलीं नाहींत, हें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु २०१९ सालच्या शौर्यासाठीं जी यादी तिनें २०२० च्या जानेवारींत जाहीर केली, त्यांत खास पारितोषिकांचीं नांवें पुराणांतलीं आलीं: मार्कंडेय, ध्रुव, अभिमन्यू, प्रल्हाद आणि श्रवण. भारत पारितोषिक राहिलें. गीता, संजय आणि बापू हीं तीन नांवें मागें पडलीं. पैशाच्या व्यवहाराचा निकाल हिशेबाच्या वह्यांवरून लागावयाचा. त्यांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. आमचा प्रश्न एवढाच आहे, कीं जळून गेलेल्या पोराचें नांव पुसण्याचें कारण काय?

आम्ही पुराणकथांची टवाळी करीत नाहीं. आमच्या आयाबायांनीं त्या जात्यावर, शेकोटीशीं ऐकविल्या आहेत आणि आम्ही त्या आवडीनें ऐकल्या आहेत. पण कोणत्याहि नांवाचा विचार करतांना, तें नांव ज्या कामासाठीं दिलें आहे त्या कामाशीं तें जुळतें कीं नाहीं, एवढें तरी पाहिलें पाहिजे. मार्कंडेयाला यम न्यावयास आला तेव्हां त्यानें शिवाच्या पिंडीला मिठी मारली; शिवानें त्याला वांचविलें. प्रल्हादाला आगींत टाकलें, कड्यावरून लोटलें; त्याला विष्णूनें वांचविलें. ध्रुवाला सावत्र आईनें बापाच्या मांडीवरून उठविलें. त्यानें तप केलें आणि त्याला अढळपद मिळालें. श्रवणानें आंधळ्या आईबापांची कावड वाहिली. तो थोर मातृपितृभक्त खरा, पण तो दुसऱ्याच्या बाणानें मेला. अभिमन्यू शूर खरा. तो चक्रव्यूहांत शिरला आणि मारला गेला, पण तो रणांतला योद्धा, शत्रूला मारावयास गेलेला. आतां वाचकांनींच सांगावें: या पांचांपैकीं कोणी परक्याचा जीव वांचविण्यासाठीं आपला जीव धोक्यांत घातला? दोघांना तर देवानें वांचविलें. जो वांचला त्याचें नांव, वांचविणाराच्या पारितोषिकाला कसें शोभेल? त्या कथांत जें काम देवाकडे आहे, तें काम पळशांत एका हाडामांसाच्या पोरानें केलें. देव येईल म्हणून तो थांबला नाहीं. हा फरक लहान नाहीं.

कोणी म्हणेल, नांवांत काय ठेवलें आहे? पदक तेंच, रक्कम तीच, मुलाला शाबासकी मिळाली म्हणजे झालें. ज्यानें खेड्यांतल्या शाळेंत चार वर्षें मुलें शिकविलीं असतील तो असें म्हणणार नाहीं. मुलांना ध्रुवाची गोष्ट सांगितली तर तीं आभाळाकडे पाहतात. बापूची गोष्ट सांगितली तर पहिला प्रश्न येतो, "गुरुजी, पळसे म्हणजे तेंच का, जेथें आमच्या मावशीला दिलें आहे?" दुसरा प्रश्न येतो, "तो आमच्यासारखाच होता का?" या दुसऱ्या प्रश्नाला "होय, तुमच्यासारखाच" असें उत्तर देतां येणें, यांत शिक्षणाचें अर्धें काम होऊन जातें. देवाचा वर मिळालेल्या बालकासारखें होण्याचा हट्ट मूल धरीत नाहीं. तें हात जोडतें आणि पुढें जातें. शेजारच्या गांवच्या पोरासारखें आपणहि होऊं, असें मात्र त्याच्या मनांत येतें. पळशाला एस. टी. जाते. अढळपदाला जात नाहीं.

दुसरा आक्षेप असा घेतला जाईल, कीं पुराणांतलीं नांवें सगळ्या देशाला माहीत आहेत. बापू गायधनी नाशिकच्या बाहेर कोणाला ठाऊक? हा आक्षेप तर आमच्याच बाजूचा आहे. जें नांव सर्वांना ठाऊक आहे त्याला पारितोषिकाचा टेकू कशाला पाहिजे? मार्कंडेयाचें नांव पोथींत आहे, प्रल्हादाचें होळीला घराघरांत निघतें, ध्रुवाला तर आभाळांत तारा आहे. बापूला तारा नाहीं, पोथी नाहीं, सण नाहीं. त्याच्यापाशीं देशाच्या दरबारांत एवढीच एक जागा होती, आणि तीच गेली. राजे, सरदार, पंडित यांचीं नांवें ताम्रपटावर, बखरींत, किल्ल्यांच्या दगडांवर राहतात. नांगर धरणाऱ्याचें, घण मारणाऱ्याचें, मडकें घडविणाऱ्याचें नांव त्याच्या नातवापर्यंत राहिलें तर पुष्कळ. कधींमधीं एखादें नांव त्या अंधारांतून वर आलें, तर तें पुन्हां खालीं ढकलूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.

गौरव करण्याची रीत आमच्या लोकांना नवी नाहीं. ११ मे १८८८ रोजीं मुंबईंत मांडवीच्या कोळीवाड्यांत कष्टकरी लोकांची सभा भरली आणि जोतीराव फुले यांना त्यांनीं "महात्मा" म्हटलें. तो किताब कोणा सरकारनें दिला नव्हता, कोणा शंकराचार्यानें दिला नव्हता. ज्यांच्यासाठीं त्या माणसानें चाळीस वर्षें हाडें झिजविलीं, त्यांनींच दिला. आणि सरकारी रावबहादुर लोकांच्या आठवणींतून गेले तरी तो किताब आजवर टिकला. त्यानंतर नऊ वर्षांनीं पुण्यांत प्लेग आला. घरचीं माणसें आजाऱ्याला टाकून पळत होतीं, तेव्हां सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या, दवाखान्यांत रोगी आणून त्यांची शुश्रूषा करीत होत्या. प्लेग झालेल्या एका अस्पृश्य मुलाला त्यांनीं पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें. त्याच साथींत त्यांना प्लेगनें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. पळसेकर बापूची जात म्हणाल तर हीच. परक्याच्या लेकरासाठीं मरणाच्या दारांत पाऊल टाकणारांची ही जात आहे, आणि ती कोणत्याहि जातींत जन्माला येते.

आतां घरच्या गोष्टीकडे वळूं. दिल्लीला दोष देऊन हात झटकणें सोपें आहे. पण आज तालुक्याच्या गांवीं पुरस्कारांचा काय बाजार मांडला आहे तोहि पाहिला पाहिजे. मंडळ काढावें, शाल व नारळ घ्यावा, कापडी फलक लावावा, आणि "समाजभूषण", "कार्यसम्राट" अशीं बिरुदें वांटावीं. पुरस्कार कोणाला? तर ज्यानें मांडवाचा खर्च दिला त्याला, पुढच्या निवडणुकींत उभा राहणार आहे त्याला, किंवा ज्याच्याकडे मंडळाचें कांहीं काम अडलें आहे त्याला. कांहीं ठिकाणीं तर पुरस्कार घेणारानेंच वर्गणी भरावयाची असते! नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा. ज्यानें विहिरींतून माणूस काढला तो मात्र त्या सभेंत खुर्च्या मांडीत असतो. अशा सभांतून मुलें काय शिकतात? पैसा मोजला कीं मान मिळतो, एवढेंच शिकतात.

सगळीकडे असेंच आहे असें मात्र नाहीं. नाशिकलाच कुसुमाग्रज प्रतिष्ठान १९९२ पासून दर दोन वर्षांनीं गोदावरी गौरव देतें. त्यांत गायन, नृत्य, चित्र, विज्ञान यांच्या पंक्तीला साहसाला आणि लोकसेवेलाहि पाट मांडलेला आहे. गवई आणि शास्त्रज्ञ यांच्या शेजारीं जीव वांचविणारा माणूस बसतो, ही दृष्टि चांगली आहे. नाशिक शहराला जें जमलें तें पळसे, चांदोरी, सायखेडा, वणी, घोटी या गांवांना आपापल्या ऐपतीप्रमाणें न जमण्याचें कारण नाहीं.

शौर्याचा मान देतांना चार गोष्टी पाहाव्या असें आम्हांस वाटतें. धोका खरा होता काय? वांचविणाराचें वांचलेल्याशीं देणेंघेणें, नोकरीचें बंधन कांहीं होतें, कीं केवळ माणुसकीनें तो गेला? डोळ्यांनीं पाहिलेले दोघे-तिघे साक्षीदार आहेत काय? आणि चौथी गोष्ट, त्यानें अर्ज केला होता काय? केला असेल तर जरा थांबावें, कारण असें काम करणारा बहुधा घरीं जाऊन ओले कपडे बदलतो आणि गप्प बसतो. त्याला शोधीत जाणें हें मंडळाचें काम आहे. सेवेच्या बाबतींतहि हेंच माप लावावें. महापुरांत दहा दिवस भाकरी थापणारी बाई, साथींत मढीं उचलणारा, अपघाताच्या जागीं पहिल्यानें धांवणारा टपरीवाला, यांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत येत नाहींत. सिंहस्थाच्या गर्दींत २७ ऑगस्ट २००३ रोजीं नाशकांत चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसें गेलीं. गर्दींत, पुरांत, आगींत सरकारी माणूस पोहोंचण्यापूर्वीं जो कोणी हात देतो तो बहुधा जवळचाच कोणी साधा माणूस असतो.

मानाबरोबर मदत पाहिजे. शूर मुलाला पदक दिलें, छायाचित्र काढलें आणि दुसऱ्या दिवशीं तो रोजंदारीवर गेला, तर त्या पदकानें त्याचा काय फायदा? त्याची शाळा सुटूं नये, भाजलेल्या हातापायांवर शेवटपर्यंत उपचार व्हावे, आणि जो परत आला नाहीं त्याच्या आईबापांच्या म्हातारपणाला आधार मिळावा, हें पाहणें पारितोषिक देणाराचें कर्तव्य आहे. येथें आमच्या वाचकांना एक उपयोगी गोष्ट सांगतों. केंद्र सरकारचें जीवन रक्षा पदक १९६१ पासून आहे. सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा असे त्याचे तीन दर्जे आहेत. बुडणें, आग, अपघात, विजेचा धक्का, दरड, जनावराचा हल्ला, खाणींतील संकट यांतून दुसऱ्याचा जीव वांचविणाऱ्या कोणाहि स्त्रीपुरुषाला, मरणोत्तरसुद्धां, तें मिळूं शकतें आणि त्याबरोबर एकरकमी पैसेहि मिळतात. शिफारस राज्य सरकारमार्फत जावी लागते, आणि घटना दोन वर्षांपेक्षां जुनी असून चालत नाहीं. म्हणून घटना घडतांच पोलिसांचा पंचनामा, डॉक्टरचा दाखला व साक्षीदारांचे जबाब घेऊन ग्रामपंचायतीच्या ठरावासह कागद तहसीलदारामार्फत कलेक्टरकडे पाठवावे. आमच्या लोकांचें शौर्य कमी पडत नाहीं. कागद कमी पडतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शूरांचा गौरव करावयाचा म्हणजे लेकरांना मरणाच्या तोंडीं जावयास शिकवावयाचें, असा अर्थ कोणी घेऊं नये. जेथें मोठ्यांनीं आपलें काम केलें असतें तेथें पुष्कळ वेळां लहानाला शूर होण्याची पाळीच आली नसती. जिल्ह्यांत शेततळीं ठिकठिकाणीं झालीं आहेत. त्यांच्या तळाला व कडेला प्लॅस्टिकचा कागद असतो. ओला झाला म्हणजे त्यावर पाय ठरत नाहीं. पोहतां येणारा माणूसहि कांठाशीं येऊन वर चढूं शकत नाहीं, आणि एकाला काढावयास गेलेला दुसराहि आंत राहतो. शेततळ्याला कुंपण घालावें, आणि चारी बाजूंनीं गांठी मारलेला दोर खुंट्याला बांधून पाण्यांत सोडून ठेवावा. दोनचार फुगविलेल्या रबरी ट्यूबा कांठावर असाव्या. दोराचा व ट्यूबांचा खर्च फारसा होत नाहीं. जुन्या विहिरींत, गटाराच्या खड्ड्यांत विषारी हवा सांचलेली असते. एक उतरून आडवा झाला म्हणजे दुसऱ्यानें हाकेसरशीं मागें उतरूं नये. कमरेला दोर बांधल्याशिवाय व आंत हवा खेळविल्याशिवाय कोणासहि उतरूं देऊं नये, आणि बंबवाल्यांना लगेच बोलवावें. बुडणाऱ्याला आधीं दोर, बांबू, धोतर, लुगडें, हाताला लागेल तें फेंकावें; उडी ही शेवटची. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे ऊंसांत बिबट्या असतो. तेथें मुलांना एकट्यानें फडाकडे पाठवूं नये. हें शाळेंत शिकविलें पाहिजे, आणि पोहणें तर मुलींनासुद्धां शिकविलें पाहिजे. बापू गायधनीचें खरें स्मारक म्हणजे ज्या गांवांत कोणाला जळावें व बुडावें लागत नाहीं तें गांव.

आतां करावयाचें काय? आमच्या मतें तीन गोष्टी कराव्या.

पहिली गोष्ट, पळसे ग्रामपंचायतीनें ग्रामसभेंत ठराव करून भारतीय बालकल्याण परिषदेला लिहावें, कीं बापू गायधनीचें नांव त्याच्या जागीं परत ठेवा. गीता व संजय यांचींहि ठेवा. पुराणांतल्या बालकांचीं नांवें ठेवावयाचीं असतील तर दुसऱ्या गुणांसाठीं ठेवा. श्रवणाचें नांव आईबापांच्या सेवेसाठीं असेल तर आमची हरकत नाहीं. पळशाच्या मागून जिल्ह्यांतल्या इतर ग्रामपंचायतींनीं, शाळांनीं व तरुण मंडळांनीं तसेच ठराव पाठवावे. पत्र सभ्य भाषेंत असावें. त्यांत कोणत्याहि देवाची, धर्माची वा माणसाची निंदा नसावी. आपली बाजू इतकी सरळ आहे कीं तिला शिव्यांची गरज नाहीं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक गांवानें एक वही करावी. गांवांत कोणी कोणाला आगींतून, पाण्यांतून, अपघातांतून वांचविलें, साथींत कोणी कोणाची सेवा केली, तें साल, तिथि, साक्षीदार यांसह त्यांत लिहून ठेवावें. म्हातारीं माणसें आहेत तोंवर जुन्या गोष्टीहि विचारून घ्याव्या. वही शाळेंत ठेवावी आणि २६ जानेवारीच्या झेंड्याखालीं तिच्यांतलें एक पान मुलाकडून मोठ्यानें वाचवावें. नुसती हजेरी लावण्यापेक्षां त्या पानानें मुलांच्या मनांत अधिक कांहीं राहील.

तिसरी गोष्ट, दिल्लीचें उत्तर येईतोंपर्यंत आपण थांबूं नये. बापूच्या नांवाचा मान नाशिक जिल्ह्यानें आपल्या हातानें द्यावा. त्यासाठीं पुढाऱ्याच्या थैलीची गरज नाहीं; घरटीं मूठभर दाणे किंवा दहा रुपये निघाले तरी पुरे. पदक नाशिकच्या तांबटानें तांब्याचें घडवावें, शेला येवल्याच्या विणकरानें विणावा, आणि तो मान गांवांतल्या सर्वांत म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या किंवा सुईणीच्या हातानें द्यावा. उरलेला पैसा त्या मुलाच्या शाळेसाठीं पोस्टांत ठेवावा आणि त्याचा हिशेब चावडीवर लावावा. दिल्लीच्या संस्थेवर हिशेबावरून प्रसंग आला. आपल्यावर तो येऊं नये.

जें गांव हा ठराव प्रथम करील त्याचा ठराव, आणि जें गांव आपली वही प्रथम सुरू करील त्या वहींतलें पहिलें पान, आम्ही याच जागीं आनंदानें छापूं. सुरुवात पळसेकरांनीं करावी. मान त्यांचा आहे.